राखेच्या बुधवारी आलेला फोन

झेफ कुस्टर्सचं काळीज आता घड्याळासारखं चालतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या खात्यात यश मोजायचं माप तेवढं एकच आहे. ठोका सरळ पडला की केस यशस्वी. त्या मापानं झेफ आमच्या यंदाच्या सगळ्यांत यशस्वी माणसांपैकी एक आहे, आणि त्याचं नाव निघालं की मी विषय बदलते.

मी मारिएट. सत्तावीस वर्षं नर्स, त्यातली नऊ हॉस्पिटलच्या या काळजाच्या ठोक्यांच्या खात्यात. ऑपरेशनला मी हात लावत नाही. लोकांना आधी नीट समजावून सांगायचं आणि नंतर त्यांचे फोन घ्यायचे, एवढंच माझं काम. जीभ तिखट आहे माझी, पण लोकांना माझ्याशी बोलायला आवडतं. निदान मला तसं वाटायचं.

झेफ पहिल्यांदा आला तो मागच्या ऑक्टोबरात. एकसष्ट वर्षांचा, घरांवर कौलं चढवायचा धंदा, पंजे फावड्यासारखे. इथला, लिंबुर्ग प्रांतातला, माझ्या शेजारच्याच गावचा, त्यामुळे खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यानं आमच्या गावच्या बँडची टिंगल करून घेतली. तो स्वतः त्यांच्या गावच्या कार्निव्हलच्या, ख्रिस्ती उपासाआधीच्या तीन दिवसांच्या सोंगा-नाचाच्या जत्रेच्या, बँडमध्ये ट्युबा वाजवायचा, तो अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा पितळी भोंगा. बरोबर त्याची बायको फीन. बारीक चणीची, मी बोलेन ते सगळं वहीत उतरवून घेणारी.

त्याच्या काळजाचा वरचा कप्पा तीन वर्षं थरथरत होता. कप्प्यानं धड आवळायचं आणि धड सुटायचं, ते नाही. नुसती थरथर. गोळ्या झाल्या. तीनदा विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणला, तीनदा तो महिन्याभरात पुन्हा बिथरला. शिडीवर चढताना झेफला मध्येच थांबून धाप टाकावी लागायची, आणि कौलं चढवणाऱ्यानं शिडीवर थांबायचं म्हणजे धंदा गुंडाळल्यासारखंच.

म्हणून त्याला जोड-उपचार ठरला. आमच्याकडे हा बऱ्याच वर्षांपासून चालतो. आधी सर्जन रुट्गर बरगड्यांमध्ये दोन्ही बाजूंनी छोटी भोकं पाडतो, एका वेळी एक फुप्फुस मिटवून जागा करतो, आणि काळजाला बाहेरून डागणी देतो. डागलेल्या जागेतून वेडीवाकडी वीज पलीकडे जात नाही, कुंपणच म्हणा. मग दोन-अडीच महिन्यांनी काळजाचा डॉक्टर मार्टेन जांघेतल्या शिरेतून बारीक तार थेट काळजात नेतो, कुंपणाला कुठं फट राहिलीय ते शोधतो आणि ती आतून डागून बुजवतो. खात्यात आम्ही त्या दोघांना 'बाहेरचा' आणि 'आतला' म्हणतो. दोघांचं एकमेकांशी फार पटतं असं नाही, पण एकमेकांच्या कामावर दोघांचा विश्वास आहे.

नोव्हेंबरात बाहेरची डागणी झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झेफनं रुट्गरला विचारलं होतं, "डॉक्टर, माझे भाते मिटवणार आहात म्हणे. नंतर परत फुगवाल ना? नाहीतर बँडवाले मला झांजा देतील."

"फुगवतो," रुट्गर म्हणाला. "झांजा वाजवायलाही अक्कल लागते."

जानेवारीच्या अखेरीस आतली डागणी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडायचं होतं. घरी सोडताना मी प्रत्येकाला एक कागद देते. तो कागद मीच लिहिलेला आहे, नऊ वर्षांपूर्वी, साध्या भाषेत, कारण डॉक्टरांनी लिहिलेला कोणाला कळायचा नाही. झेफ कपडे घालून पलंगाच्या काठावर बसला होता, फीन बॅग भरत होती.

"हे लाल शाईतलं वाचा," मी म्हटलं. "आठ आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं, तर लगेच फोन. गावातल्या डॉक्टरला नको, मला."

"गिळताना? काळजाचा आणि गिळण्याचा काय संबंध?"

"काळजाच्या मागच्या भिंतीला अन्ननलिका चिकटून जाते. डागणीची धग तिला लागली तर दोन-तीन आठवड्यांनी तिथं भोक पडू शकतं, आणि मग हवा आणि घाण सरळ रक्तात जाते. हजारातल्या एखाद्याला होतं."

"तो एखादा मी नव्हे."

"सगळे हेच म्हणतात. आणि कार्निव्हल यंदा नाही. सहा आठवडे बिअर नाही, भोंगा नाही, गर्दीत नाचणं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पोरी, अडतीस वर्षांत एकदाही चुकवला नाही मी. बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा वाजवलं."

"मग यंदा चुकवा."

त्यानं फीनची पाठ वळलेली बघून मला डोळा मारला. "कार्निव्हलच्या तीन दिवसांत माणूस कुठं होता, हे देवसुद्धा विचारत नाही."

मी हसले. मनात म्हटलं, हा जाणार. सत्तावीस वर्षांत मी माणसं ओळखायला शिकले असं मला वाटायचं, आणि त्या एका डोळा मारण्यावरून मी झेफला ओळखून मोकळी झाले.

कार्निव्हलला मी स्वतः गेले होते. का लपवू? रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवस. आमच्या गावच्या बायकांनी यंदा मधमाश्यांची सोंगं घेतली होती. रस्त्यात नाचले, ओळखीपाळखीच्यांना मिठ्या मारल्या, आमच्या बोलीतली सगळी गाणी बेंबीच्या देठापासून म्हटली, आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझ्या घशातून फक्त हवा बाहेर पडत होती. बुधवारी सकाळी कामावर आले तेव्हा अंगात कणकण होती आणि एका कानामागं पिवळा रंग तसाच राहिला होता. खात्यातले निम्मे लोक तसेच. जे नदीपलीकडचे, उत्तरेकडचे, ज्यांच्याकडे कार्निव्हल नसतो, ते ताजेतवाने येऊन आमच्याकडे तोंड वाकडं करून बघत होते. काही जणांच्या कपाळावर चर्चमधून लावून आणलेल्या राखेचा ठिपका होता. दुपारी बारा वाजता राखेच्या बुधवारचा, म्हणजे उपासाच्या पहिल्या दिवसाचा, हेरिंग मासा खायला सगळ्यांनी खाली जमायचं, हा आमचा जुना रिवाज. तेवढं खाल्लं की कार्निव्हल खरा संपला.

पावणेबारा वाजता मी कोटाच्या एका बाहीत हात घातला होता आणि फोन वाजला.

"मारिएट का? झेफ बोलतोय. कुस्टर्स."

"बोला झेफ," मी म्हणाले, म्हणजे खरखरले.

"आवाज कुठं हरवलात? आमच्या गावात येऊन ओरडला होतात की काय?" मग तो जरा थांबला. "ऐका, मला ताप आहे. अडतीसच्या वर. आणि गिळताना दुखतंय. खाली, छातीच्या मधोमध."

मी काय म्हटलं ते शब्दाला शब्द मला पाठ आहे. मी म्हटलं, "झेफ, आज राखेचा बुधवार आहे. आज अख्ख्या लिंबुर्गात कोणाला गिळताना दुखत नाही? माझंच बघा."

तो हसला. मीही हसले.

"नाही पण, त्या कागदावर लाल शाईत—"

"कागद मीच लिहिलाय. कार्निव्हलचा घसा आहे तो, दुसरं काही नाही. तापाची गोळी घ्या, भरपूर पाणी प्या, झोपा. सोमवारी बरं वाटलं नाही तर फोन करा."

"पण मी तर यंदा—"

"काही सांगू नका. देवसुद्धा विचारत नाही म्हणालात ना, मग मी कशाला विचारू?"

तो पुन्हा हसला, पण जरा उशिरा. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर ठीक." आणि फोन ठेवला.

आलेला प्रत्येक फोन संगणकात नोंदवायचा असा नियम आहे, आणि तो मीच नव्या मुलींना घोकून घ्यायला लावते. हा मी नोंदवला नाही. विसरले असं म्हणता येईल, पण ते खोटं आहे. त्यात नोंदवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. दुसरी बाही घातली, खाली गेले, शेपटीला धरून हेरिंग खाल्ला आणि झेफनं डोळा मारल्याचा तो जुना किस्सा खात्यातल्या दोघींना रंगवून सांगितला.

सोमवारी सकाळी मार्टेन माझ्या टेबलाशी आला. खुर्ची ओढून बसला, त्यावरूनच काहीतरी वाईट आहे हे कळलं, कारण तो कधी बसत नाही.

"कुस्टर्स आलाय. शनिवारी. बायकोला स्वयंपाकघरात पडलेला सापडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सीटीमध्ये काळजाच्या मागे हवा दिसली. रुट्गरनं तेव्हाच छाती उघडून भोक शिवलं."

"जिवंत आहे ना?" मी विचारलं.

"आहे. जगेल. पण हवा डोक्यात जायची ती गेलीच." त्यानं डोळे चोळले. "हजारातला तो एखादा आपल्या वाट्याला आला."

मी मान हलवली. तेव्हा सांगायचं होतं. एवढं सोपं मग कधीच राहिलं नाही. मार्टेन समोर बसला होता, दार लोटलेलं होतं, आणि मी फक्त मान हलवली.

दुपारी अतिदक्षता विभागात गेले. फीन बाहेरच्या बाकावर एकटी बसली होती, कोट अंगावरच. मला बघून तिनं माझे दोन्ही हात धरले.

"मी घरात नव्हते हो," ती म्हणाली. "बुधवारी सकाळच्या गाडीनं लेकीकडे गेले, पार उत्तरेला, ख्रोनिंगेनला. तिला बाळ झालं. रोज फोन करायची, तर म्हणायचा, मजेत आहे, तू नातवाकडे बघ. डॉक्टर म्हणतात ताप तीन-चार दिवसांचा असणार. मला एका शब्दानं बोलला नाही."

आणि मी काय विचारावं? अजून माझी मला किळस येते. मी विचारलं, "कार्निव्हलमध्ये जरा जास्त दगदग झाली का त्यांची?" थोडा दोष त्याच्याकडे सरकतोय का, ते मी चाचपून बघत होते.

"कुठला कार्निव्हल?" फीन म्हणाली. "गेलाच नाही तो. तीन दिवस घरात. रविवारी मिरवणूक आमच्या दारावरून गेली, बँडवाल्यांनी मुद्दाम थांबून त्याच्यासाठी दोन गाणी वाजवली, आणि हा वरच्या खोलीत पडद्याआड. मी म्हटलं, अरे निदान दारात उभा राहा. तर म्हणे, मारिएटनं सहा आठवडे सांगितलेत, दारात गेलो तर मी रस्त्यात उतरणार, रस्त्यात उतरलो तर वाजवणार. तीन दिवस पत्ते खेळलो आम्ही दोघं. डोळे भरून आले होते त्याचे, पण गेला नाही."

'पण मी तर यंदा', एवढं तो फोनवर म्हणाला होता. पुढं म्हणणार होता की गेलोच नाही. एवढं मी ऐकून घेतलं असतं तर पुढचं मला कोणी शिकवायला नको होतं. कार्निव्हल नाही तर कार्निव्हलचा घसा कुठला? तासाभरात त्याला गाडीत घालून आणला असता. आपल्यावरून जग ओळखलं मी. तीन दिवस मी धिंगाणा घातला, म्हणून त्यानंही घातला असणार. माझं ऐकणारा तो एकच माणूस, आणि त्यालाच मी खोटारडा ठरवून बसले होते.

"तुम्ही पांढऱ्या पडलात," फीन म्हणाली. "बसा जरा." तिनं बाकावर सरकून मला जागा करून दिली.

पुढच्या आठवड्यात चौकशीची बैठक झाली. असं काही घडलं की ती होतेच. नऊ वर्षांत मी डॉक्टरांना दोष दुसऱ्याच्या गळ्यात बांधताना पुष्कळ वेळा पाहिलंय. त्या दिवशी उलटं झालं.

"मागच्या भिंतीवर मी दोनदा डागणी दिली होती," रुट्गर म्हणाला. "पहिली पक्की बसली नाही असं वाटलं मला. तिथं जागा आधीच नाजूक झाली असणार. चूक बाहेरून झाली."

"काहीतरीच बोलू नकोस," मार्टेन म्हणाला. "तुझी डागणी अडीच महिन्यांत भरून आली होती. फट तिथंच सापडली, आणि मी तिथं पुन्हा धग दिली. अन्ननलिकेत ठेवलेल्या तापमापकाचा आकडा चढला तेव्हा थांबलो, पण कदाचित चार सेकंद उशिरा. हे आतलंच काम आहे."

दोन मोठे बाप्ये लहान मुलांसारखे भांडत होते, चूक माझी, माझी म्हणून. बाहेरची धग आणि आतली धग एकाच जागी भेटली होती, त्यामुळे कोणाची किती हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. मी वहीवर रेघोट्या ओढत बसले होते. मला त्या दोघांची लाज वाटत होती, म्हणजे त्यांच्यासमोर माझी.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "पेशंटला लक्षणं सांगितली होती?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगितली होती," मी म्हटलं. "कागदही दिला होता."

"मग त्यानं फोन करायला हवा होता," मार्टेन म्हणाला, रागानं नव्हे, थकून. "ताप आला त्याच दिवशी आला असता तर हवा डोक्यात जायच्या आत शिवून मोकळे झालो असतो. आज तो बोलत असता."

अध्यक्षबाईंनी लिहिलं, पेशंटनं संपर्क साधला नाही. ते वाक्य मी उच्चारलं नाही. खोडलंही नाही. समोरच्या भांड्यातलं पाणी प्यायले आणि ते गिळताना मला स्वतःचा घसा जाणवला.

त्यानंतर नऊ आठवडे गेले. मी कामावर जात होते, फोन घेत होते. प्रत्येक फोन नोंदवत होते, शिंकेचासुद्धा. झेफच्या मोबाइलमध्ये बुधवारचा तो फोन असणार, हे मला रोज आठवायचं. कोणीतरी तो मोबाइल उघडून बघावा असंही वाटायचं आणि उघडू नये असंही. माझा नवरा म्हणाला, "तुला काय झालंय? चिडत नाहीस, भांडत नाहीस. आजारी आहेस का?" त्यालाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सत्तावीस वर्षांची नोकरी, लोकांची माझ्यावरची माया, सगळं डोळ्यांसमोर यायचं आणि तोंडाला कुलूप लागायचं. भित्री निघाले मी, दुसरं काय.

एप्रिलच्या अखेरीस झेफची तीन महिन्यांची तपासणी आली. त्याला पुनर्वसन केंद्रात हलवलं होतं, तिथून आणणं अवघड, म्हणून ठोक्यांचा आलेख काढायला कोणीतरी तिकडे जायचं होतं. मीच जाते म्हटलं. हे सांगायच्या इराद्यानं नव्हे. दुसऱ्या कोणाला पाठवायची भीती वाटली म्हणून.

खोली स्वच्छ, उन्हाची. झेफ चाकाच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. माणूस निम्म्यानं वाळला होता. फीन त्याला चमच्यानं दुधाची खीर भरवत होती. आता मऊ पदार्थ जायला लागले होते.

"बघ, कोण आलंय," ती त्याला म्हणाली. "मारिएट आलीय." आणि माझ्याकडे वळून, "बरं झालं आलात. सांगा याला तुम्हीच. कागद फ्रिजवर लावला होता मी. नंबर लाल शाईत. एवढा मोठा माणूस, एक फोन करवला नाही. सगळं आयुष्य हसण्यावारी न्यायचं. आता बस."

झेफनं डावी मूठ समोरच्या फळीवर आपटली. वाटी उडाली. घशातून आवाज निघाला, त्यात शब्द नव्हता.

"हे असं," फीन म्हणाली. तिनं फळी पुसायला घेतली. "फोनचं नाव काढलं की असं करतो. इथल्या पोरी म्हणतात, मेंदूला इजा झाली की माणसं चिडकी होतात. त्यासाठी गोळी सुरू केलीय. पण मी तरी काय करू? राग येतो हो मला. रोज ठरवते की आज बोलायचं नाही, आणि रोज तोंडातून जातंच."

पलंगाच्या पायाशी त्याचा तक्ता टांगलेला होता. मी वाचला. रोज तीच नोंद. दुपारी, बायको आलेली असताना, चिडचिड. शांत करणारी गोळी दिली.

मी त्याच्या शर्टाची बटणं काढली, छातीवर चकत्या चिकटवल्या, तारा जोडल्या. बरगड्यांमध्ये रुट्गरच्या भोकांचे व्रण होते आणि मधोमध दुसऱ्या ऑपरेशनची लांब चीर. यंत्र सुरू केलं. चौसष्ट ठोके, सगळे एका अंतरावर, एकही इकडचा तिकडे नाही. इतका सुरेख आलेख मी वर्षभरात पाहिला नव्हता. मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो वाट बघत होता. नऊ आठवडे हा माणूस न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खात होता, त्याला तोंड उघडता येत नव्हतं, आणि त्यानं मूठ आपटली की त्याला गोळी देऊन गप्प करत होते. खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं, आणि बोलता येत होतं ते मला.

"फीन," मी म्हटलं, "त्यांनी फोन केला होता."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. "कधी?"

"बुधवारी. तुम्ही गाडीत होतात तेव्हा. पावणेबाराला."

"कोणाला?"

"मला."

मीच बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. "ताप आहे म्हणाले. गिळताना दुखतंय म्हणाले. कागदावर लाल शाईत लिहिलंय, तेही म्हणाले. सगळं बरोबर सांगितलं. मी म्हटलं, कार्निव्हलचा घसा आहे. ते सांगत होते की ते गेलेच नव्हते. मी बोलू दिलं नाही. फोन कुठं नोंदवला नाही. बैठकीत त्यांनी लिहिलं की तुमच्या नवऱ्यानं कळवलंच नाही, आणि मी तिथं बसले होते, गप्प. डॉक्टरांना अजून माहीत नाही. इथून थेट त्यांच्याकडे जाणार आहे. पण हे आधी तुम्हाला आणि यांना सांगायला हवं होतं. चूक माझी होती. यांची काही नव्हती."

मला वाटलं ती ओरडेल. थोबाडीत मारली असती तरी मी हलले नसते, उलट बरं वाटलं असतं. तिनं फडकं घडी घालून फळीवर ठेवलं. खुर्ची फिरवली, माझ्याकडे नाही, झेफकडे. त्याच्या गुडघ्यांना गुडघे टेकवून बसली आणि त्याची डावी मूठ दोन्ही हातांत घेतली.

"तू केला होतास फोन," ती म्हणाली. "सांगितलं तसं सगळं केलं होतंस. आणि मी रोज येऊन तुला..." तिनं कपाळ त्याच्या मुठीवर टेकवलं. "चुकलं रे माझं, झेफ. मला माफ कर."

माफी मागायला हवी होती मी, आणि मागत होती ती. झेफची मूठ सुटली. त्यानं तो हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याचं तोंड वाकडंतिकडं होऊन तो मोठ्यानं रडायला लागला. मी त्याच्या छातीवरच्या चकत्या एकेक करून काढल्या, शर्टाची बटणं लावली. दोघांपैकी कोणी माझ्याकडे बघितलं नाही. आलेखाचा कागद पिशवीत घातला आणि बाहेर येऊन मार्टेनला फोन लावला.